चिपाडाची किंमत कोण ठरवणार?

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर होटगी हे जंक्शन आहे. येथूनच एक फाटा विजापूरमार्गे गदगकडे वळतो. या जंक्शनजवळ, फताटेवाडीच्या शिवारात, राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाचे १,३२० मेगावॉट क्षमतेचे केंद्र उभे आहे आणि त्याला लागणारा कोळसा रेल्वेच्या वाघिणींतून दूरदेशाहून येतो. याच परिसरात गाळपाचा हंगाम सुरू झाला की उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्याने चालू लागते. म्हणजे एकाच टापूत कार्बनचे दोन साठे शेजारी शेजारी नांदतात. एक कोट्यवधी वर्षांपूर्वी भूगर्भात गाडला गेलेला, दुसरा दरवर्षी आपल्या शेतात उगवणारा. दोहोंची जात निराळी असली तरी त्यांच्या कपाळी आपण एकच भोग लिहिला आहे, तो म्हणजे भट्टीत जळण्याचा.

कुमठे येथील सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सह-वीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. होटगी रस्त्यावरील विमानतळावरून होणाऱ्या उड्डाणांना ती अडथळा ठरत होती. त्या चिमणीवरून सोलापुरात वर्षानुवर्षे वाद झाला. विमान हवे की कारखाना, असे त्या वादाला स्वरूप आले. परंतु अशा चिमण्यांतून वर काय जाते, हा प्रश्न त्या गदारोळात क्वचितच कोणी विचारला. वर जातो तो चिपाडाचा धूर. आणि चिपाड म्हणजे नुसते जळण नव्हे, हे आता रसायनशास्त्राने निर्विवादपणे सिद्ध केले आहे.

दुसरी साखर

एक टन ऊस गाळला की सर्वसाधारणपणे शंभर किलोच्या आसपास साखर, चाळीस-पंचेचाळीस किलो मळी म्हणजे मोलॅसिस, तीस-पस्तीस किलो प्रेसमड आणि सुमारे २८० किलो ओले चिपाड मिळते. या चिपाडात निम्मे पाणी असते. उरलेल्या १४० किलो कोरड्या तंतूत साठ किलोच्या घरात सेल्युलोज, पस्तीस-चाळीस किलो हेमिसेल्युलोज आणि तीस किलोच्या आसपास लिग्निन असते. यातील सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज ही दोन्ही द्रव्ये म्हणजे साखरेच्याच रेणूंच्या लांब साखळ्या होत. याचा अर्थ असा की ज्या उसातून आपण शंभर किलो साखर पोत्यात भरतो, त्याच उसात जवळजवळ तेवढीच दुसरी साखर तंतूंच्या रूपाने कोंडलेली असते आणि ती आपण बॉयलरमध्ये टाकतो.

ही कोंडलेली साखर मोकळी करता येते. हेमिसेल्युलोजवर आम्लाची आणि वाफेची प्रक्रिया केली की फरफ्युरल नावाचे द्रव्य मिळते. अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने ओटच्या टरफलांपासून ते व्यापारी प्रमाणावर काढण्यास १९२० च्या दशकाच्या आरंभीच सुरुवात केली होती. आज चीन ते मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांपासून मोठ्या प्रमाणावर बनवतो. ओतकामात वाळूचे साचे घट्ट बांधण्यासाठी जी फ्युरान राळ वापरतात, तिचे मूळ फरफ्युरलमध्येच आहे, आणि ओतकामाचे मोठे केंद्र असलेले कोल्हापूर आपल्यापासून फार दूर नाही. सेल्युलोजपासून ग्लुकोज, ग्लुकोजपासून मद्यार्क किंवा लॅक्टिक आम्ल, आणि लॅक्टिक आम्लापासून पॉलिलॅक्टिक आम्ल हे मातीत जिरू शकणारे प्लॅस्टिक अशी ही साखळी वाढत जाते. पुण्याच्या प्राज उद्योगसमूहाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरीजवळ अशा जैवप्लॅस्टिकचा प्रात्यक्षिक कारखाना सुरू केला. अहिल्यानगर जिल्ह्यातील साकरवाडीला सोमैया समूहाच्या गोदावरी बायोरिफायनरीजमध्ये मद्यार्कापासून इथाइल ॲसिटेट तयार होते आणि प्रसाधनांत वापरले जाणारे ब्युटिलिन ग्लायकॉलही तयार होते. तेव्हा हे स्वप्नरंजन नाही. महाराष्ट्राच्या मातीत ते घडू लागले आहे.

एकदा जिंकलेली आणि हरलेली लढाई

अर्थात, ही कल्पना नवी आहे असे मानण्याचे कारण नाही. स्वतंत्र भारताचा आरंभीचा सेंद्रिय रसायनउद्योग मोठ्या प्रमाणावर मळीच्या मद्यार्कावरच उभा होता. बंगालमधील रिश्रा येथे १९५९ साली पॉलिथीन बनू लागले ते मद्यार्कापासून. बरेलीला १९६३ साली कृत्रिम रबराचा कारखाना सुरू झाला, त्याचा कच्चा मालही मद्यार्कच होता. मद्यार्कापासून ॲसिटाल्डिहाइड, त्यापासून ॲसेटिक आम्ल आणि पुढे द्रावके हा मार्ग आपल्या तंत्रज्ञांना चांगला परिचित होता. परंतु १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईजवळ तुर्भे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात नॅफ्थावर चालणारे पेट्रोरसायनांचे कारखाने उभे राहिले. खनिज तेल स्वस्त होते आणि त्या कारखान्यांचा आवाका मोठा होता. त्यांच्यापुढे मळीची रसायने एकामागून एक मागे हटली. १९७३ च्या तेलसंकटाने जगाला खडबडून जागे केले. ब्राझीलने १९७५ मध्ये आपला मद्यार्क कार्यक्रम हाती घेतला आणि तो नेटाने चालवला. त्याच वाटेने पुढे जाऊन तेथील ब्रास्केम कंपनीने २०१० मध्ये उसाच्या मद्यार्कापासून वर्षाला दोन लाख टन पॉलिथीन बनवणारा कारखाना सुरू केला. आपण मात्र मद्यार्काकडे दीर्घकाळ एकतर अबकारी उत्पन्नाच्या दृष्टीने पाहिले किंवा नैतिक संकोचाने.

या इतिहासाचा धडा सरळ आहे. वनस्पतीपासून रसायन बनते की नाही, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटतो. ते टिकते की नाही, हे कच्च्या मालाच्या किमतीवर आणि ती ठरवणाऱ्या व्यवस्थेवर अवलंबून असते.

गेल्या काही वर्षांत आपण पुन्हा मद्यार्काकडे वळलो, पण इंधन म्हणून. २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्राथमिक प्रयोग झाले आणि २०२५ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. हे यश लहान नव्हे. साखर कारखान्यांना त्यामुळे रोख पैसा मिळाला आणि थकलेली उसाची बिले काही अंशी भागली. परंतु इंधनाच्या या बाजारात विकणारे शेकडो, तर घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि भाव दिल्लीत ठरतो. पाऊस ओढ धरून बसला तेव्हा, ७ डिसेंबर २०२३ रोजी, केंद्र सरकारने त्या वर्षासाठी उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यास एकाएकी मनाई केली. पुढे काही सवलती दिल्या गेल्या आणि पुढल्या वर्षी ती बंदी उठलीही. परंतु कर्ज काढून यंत्रे बसवलेल्या कारखान्यांना जो धक्का बसायचा तो बसला. साखरेचा ग्राहक म्हणून सरकारला देशातील भावाची चिंता असणार, हे समजण्यासारखे आहे. म्हणूनच एका ग्राहकावर आणि एका आदेशावर सारा उद्योग टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही. रंग, औषधे, चिकटद्रव्ये, वेष्टने, प्रसाधने अशा अनेक उद्योगांना जी रसायने लागतात, त्यांचे ग्राहक अनेक असतात आणि किलोमागे मिळणारा दामही इंधनापेक्षा सामान्यतः अधिक असतो. शिवाय त्यासाठी अन्नाच्या साखरेला हात लावण्याची गरज नाही. तंतूतील साखर पुरते.

‘टाकाऊ’ हा शब्द कोणाचा?

येथवर सारे उत्साहवर्धक वाटते. परंतु जैवभारापासून उद्योग उभारण्याच्या बहुतेक आराखड्यांत एक शब्द हमखास आढळतो, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्या शब्दापाशी थबकले पाहिजे. तो शब्द म्हणजे ‘टाकाऊ’. शेतातील टाकाऊ पदार्थांपासून मौल्यवान रसायने, असे मोठ्या हौसेने म्हटले जाते. वर्षाकाठी सरासरी पाच-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आमच्या जिल्ह्यात, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी, टाकाऊ म्हणून खरोखर काय पडलेले असते? ज्वारीचा कडबा हे जनावरांचे वर्षभराचे पोट आहे. दुष्काळी वर्षात त्याचा भाव धान्याशी स्पर्धा करू लागतो. मालदांडी ज्वारी या भागात टिकून राहिली ती केवळ भाकरीच्या चवीमुळे नव्हे. तिचा कडबा गोड आणि भरघोस असतो, म्हणूनही. तुराट्या चुलीत जातात आणि कुडाला लागतात. धसकटे वेचून जळण होते. उसाचे वाढे जनावरांपुढे पडते, पाचट शेतातच कुजवले तर जमिनीचा सेंद्रिय कर्ब टिकतो. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या चारा छावण्यांत तर दुष्काळात ऊसच तोडून जनावरांना घालावा लागला आहे. ज्या वस्तूला आधीच कोणीतरी धनी आहे, तिला टाकाऊ म्हणणे म्हणजे त्या धन्याला हिशेबातून वगळणे होय.

हे वगळणे आता प्रत्यक्षात येऊ घातले आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात पाच टक्के जैवभाराच्या दाबून केलेल्या कांड्या मिसळण्याचे धोरण जाहीर केले. कोळसा वाचतो, हे खरे. पण उद्या वीजकेंद्र, इथेनॉलचा कारखाना आणि रसायनांचा कारखाना हे तिघेही तुराट्यांच्या आणि कडब्याच्या बाजारात उतरले, तर म्हशीचा भाग कोण राखून ठेवणार?

पाण्याचा प्रश्न याहून कठीण आहे. महाराष्ट्रातील पिकाखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहूनही कमी जमिनीवर असलेला ऊस सिंचनाचे जवळजवळ सत्तर टक्के पाणी पितो, असे कृषिमूल्य आयोगाने नमूद केले आहे. उसापासून एक लिटर इथेनॉल म्हणजे सुमारे २,८६० लिटर पाणी, असा हिशेब नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात मांडला आहे. उजनी धरण १९८० साली झाले आणि त्याच्या पाण्यावर सोलापूर राज्यातील सर्वाधिक कारखान्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. रसायनांच्या नावाखाली येथे उसाचे एक एकरही क्षेत्र वाढवणे हा आत्मघात ठरेल. नव्या उद्योगाचा पाया नव्या उसावर नव्हे, तर आज गाळल्या जाणाऱ्या उसाच्या चिपाडावर असला पाहिजे. जोडीला कमी पाण्याच्या पिकांकडे पाहावे लागेल. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर अनेक वर्षे काम केले. या पिकाचे दाणे खाता येतात, ताटांतील रसाचे सरबत, काकवी किंवा मद्यार्क होतो आणि उरलेले जनावरांच्या कामी येते. आपल्याच भूमीत झालेले हे काम कारखान्यांच्या अंगणापर्यंत का पोहोचले नाही, याचा विचार सहकारधुरीणांनी करावा.

‘एक होता कार्व्हर’ या वीणा गवाणकर यांच्या पुस्तकामुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी घराघरांत पोहोचले. भुईमुगापासून त्यांनी शेकडो वस्तू बनवल्या, हे आपल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. परंतु त्या शेकडो वस्तूंपैकी फारच थोड्यांचे उद्योग झाले, हे आपण विसरतो. कार्व्हरांचे टिकलेले काम निराळे होते. कापसाने निकस झालेल्या जमिनीला त्यांनी पिकांचा फेरपालट शिकवला आणि कंगाल शेतकऱ्याच्या ताटात भर घातली. वस्तूंची लांबलचक यादी म्हणजे उद्योग नव्हे. चिपाडापासून काय काय होते याची यादी व्यासपीठावरून वाचून दाखवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

वाहतुकीचा साधा हिशेब

तर मग चिपाडाचेच महत्त्व विशेष का? याचे उत्तर वाहतुकीत आहे. शेतातील काडीकचरा हलका, पसरलेला आणि हंगामी असतो. तुराट्यांनी भरलेल्या ट्रकमध्ये वजनापेक्षा हवाच जास्त असते. पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा जो प्रकल्प सुरू झाला, त्याला नऊशे कोटी रुपयांहून अधिक खर्च आला आणि वर्षाला दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल हे त्याचे उद्दिष्ट सांगितले गेले. एवढा पेंढा शेताशेतांतून गोळा करणे, बांधणे, वाहून आणणे आणि वर्षभर साठवणे हेच अशा प्रकल्पांपुढील सर्वांत कठीण काम असते. चिपाडाला ही अडचण नाही. ते कारखान्याच्या आवारात, गव्हाणीतून आणि घाणीतून पार होऊन, बारीक झालेल्या अवस्थेत आयते जमा होते. जगातील जैवभाराच्या व्यापारात याहून सोयीचा कच्चा माल शोधून सापडणार नाही.

परंतु हे चिपाड आवारात आले कोणाच्या पैशाने? महाराष्ट्रात उसाची तोडणी आणि वाहतूक यांचा खर्च उसाच्या बिलातून कापला जातो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये हा किमान दर केंद्राने ठरवला. शंभर टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याच्या नावावर या हिशेबाने ३,५५,००० रुपये लागतात आणि त्यातून सर्व शंभर टनांची तोडणी-वाहतूक वजा होते. त्या शंभर टनांत अठ्ठावीस टन चिपाड असते. म्हणजे कारखान्याला जो कच्चा माल आयता मिळतो, तो पिकवण्याचा, तोडण्याचा आणि वाहण्याचा खर्च शेतकऱ्याने आधीच सोसलेला असतो. दर मात्र ठरतो तो साखरेच्या उताऱ्यावर. उताऱ्याच्या कोष्टकात तंतूला स्थान नाही.

कायद्याने हा प्रश्न अगदीच दुर्लक्षिला, असे मात्र म्हणता येणार नाही. भार्गव आयोगाच्या शिफारशीवरून १९७४ मध्ये अतिरिक्त नफ्यातील वाटा शेतकऱ्याला देण्याचे सूत्र आले. ते २००९ मध्ये गेले. रंगराजन समितीने २०१२ मध्ये महसूलवाटपाचे सूत्र सुचवले आणि महाराष्ट्राने २०१३ मध्ये त्यावर आधारित कायदा केला. साखर तसेच मळी, चिपाड आणि प्रेसमड या प्राथमिक उपपदार्थांच्या उत्पन्नाचा सत्तर टक्के, किंवा केवळ साखरेच्या उत्पन्नाचा पंचाहत्तर टक्के वाटा उसाला मिळावा, असे ते सूत्र सांगते. ‘प्राथमिक’ या एका विशेषणात सारे मर्म आहे. चिपाड चिपाड म्हणून, म्हणजे जळणाच्या भावाने, हिशेबात येते. त्यापासून पुढे वीज, मद्यार्क, फरफ्युरल किंवा प्लॅस्टिक झाले, तर ती वाढलेली किंमत सूत्राच्या बाहेर राहते. आजवर हे फारसे बोचले नाही, कारण चिपाड खरोखरच जळत होते. ज्या दिवशी ते रसायन होईल, त्या दिवशी जळणाचा भाव हा अन्याय ठरेल.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे

यावर कारखानदारांचा आक्षेप असा की, प्रक्रियेचा धोका आम्ही पत्करायचा, शेकडो कोटींचे कर्ज आम्ही काढायचे आणि नफ्यात मात्र भागीदार सर्वांनी व्हायचे, हे न्याय्य नाही. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. रसायनांचा कारखाना साखरेच्या हंगामापुरता चालून भागत नाही, तो बारमाही चालावा लागतो. चिपाड साठवले तर ते आंबते, पेट घेते. कारखान्याला स्वतःच्या वाफेसाठीही चिपाड लागतेच. कार्यक्षम बॉयलर बसवून जे वाचेल, तेवढेच रसायनांसाठी उपलब्ध होईल. मद्यार्काच्या प्रत्येक लिटरमागे कित्येक लिटर दूषित सांडपाणी निघते, त्याची विल्हेवाट खर्चाची असते. आज अनेक सहकारी कारखाने कर्जाखाली वाकलेले आहेत. अशा संस्थांच्या गळ्यात आणखी एक महागडा प्रकल्प बांधणे ही सेवा नव्हे.

परंतु या आक्षेपाचे उत्तर महाराष्ट्रानेच १९५० मध्ये दिले आहे. प्रवरेच्या काठी, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हाही हाच युक्तिवाद होता. शेतकऱ्याने ऊस घालावा, साखरेचा व्यवहार भांडवलदाराने पाहावा, असे तेव्हा सांगितले जात होते. भाग घेऊन धोका पत्करण्याची तयारी शेतकऱ्याने दाखवली आणि मालकीचे चित्र पालटले. धोका आणि लाभ यांची जोडी फोडू नये, हे गाडगीळांच्या अर्थशास्त्राचे सार होते. आता साखरेच्या पुढची पायरी आली आहे. तिच्यावर ऊस-उत्पादक पुन्हा कच्चा माल घालणारा म्हणूनच उभा राहणार असेल, तर सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा सहकार आपण एका पिढीत उलटा फिरवू.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात असे वाटते. एक, जे कारखाने चिपाडापासून रसायने किंवा वस्तू बनवतील, त्यांच्या बाबतीत चिपाडाची किंमत जळणाच्या भावाने नव्हे, तर त्यातील तंतूच्या वजनावर आणि अंतिम मालाच्या भावाशी सांगड घालून ठरावी. ऊसदरविषयक कायद्यात तशी दुरुस्ती व्हावी. दोन, प्रत्येक कारखान्याने स्वतंत्र रसायनप्रकल्पाचा हव्यास न धरता पाच-सहा कारखान्यांनी मिळून एक संयुक्त प्रकल्प उभारावा, त्याचे भाग ऊस-उत्पादकांना खुले ठेवावेत आणि तंत्रज्ञानासाठी मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि मांजरीची वसंतदादा साखर संस्था यांच्याशी करार करावेत. तीन, कडबा, वाढे आणि पाचट यांना उद्योगाचा कच्चा माल मानण्यापूर्वी जिल्ह्याच्या चाऱ्याचा आणि जमिनीच्या कर्बाचा ताळेबंद मांडला जावा. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये जैवतंत्रज्ञानाधारित उत्पादनाचे नवे धोरण मंजूर केले आहे. अनुदाने त्यामागून येतील, तेव्हा हे ताळेबंद तयार असले पाहिजेत. अनुदान आल्यावर हिशेब मांडण्याची आपली जुनी खोड येथे परवडणारी नाही.

हे सारे मंत्रालयात ठरायचे आहे, आपण काय करणार, असे वाचकांपैकी काहींना वाटेल. पण सोलापूर जिल्ह्यातील शाळामास्तर असो की कचेरीतील कारकून, अनेकांच्या घरी दोन-चार एकर ऊस असतो आणि वडिलांच्या किंवा भावाच्या नावे कारखान्याचा एखादा भाग असतो. दरवर्षी कारखान्याचा छापील अहवाल घरी येतो आणि बहुधा न वाचता रद्दीत जातो. त्या अहवालात चिपाडाचे एक खाते असते. किती टन निघाले, किती जळले, किती विकले आणि कोणत्या भावाने, एवढे चार आकडे त्यात पाहावेत. जे आकडे तेथे नसतील, ते वार्षिक सभेत उभे राहून मागावेत. चिपाडाला उद्या मोल येणार आहे, यात शंका नाही. ते मोल आल्यावर त्याचा धनी कोण, हे मात्र आजच्या सभांतून विचारलेल्या प्रश्नांवर ठरेल.